दार नसलेला बॅनर

क्लबचा इतिहास छापून आलाय. चांगला जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. झोपून वाचायला घेतला तर छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. ब्रिस्बेनच्या ऑफिसातून मला एक प्रत फुकट आली, कारण शेवटी आभाराच्या यादीत माझं नाव आहे: व्हर्ना मुलिन्स, मेलबर्न. मेलबर्नच्या डनमोर वस्तीत हा फुटबॉल क्लब एकशे तेरा वर्षं होता. ती त्यांनी सदतीस पानांत उरकलीत. पुढची तीनशे पानं ब्रिस्बेनची.

एक्केचाळिसाव्या पानावर एक फोटो आहे. मैदानाच्या कडेला दहा-बारा माणसं दोऱ्या धरून उभी आहेत आणि त्यांच्या डोक्यावर हिरव्या-पांढऱ्या कागदाच्या चिंध्या लोंबतायत. खाली लिहिलंय, '५ मे १९८४. मेलबर्नच्या पहिल्या दौऱ्यात जोरदार वाऱ्याने फाटलेला बॅनर.'

त्या दिवशी वारा नव्हता. डावीकडून तिसरी, डोक्याला रुमाल बांधलेली, ती मी. माझ्या शेजारचा टोपीवाला म्हातारा म्हणजे माझे वडील, क्लॅरी मुलिन्स. वारा असता तर त्यांची टोपी डोक्यावर राहिली असती का, एवढा विचार तरी त्या पुस्तकवाल्यांनी करायचा. पण खरं काय झालं ते त्यांना कोण सांगणार? जे सांगू शकत होते ते सगळे त्या फोटोत आहेत, आणि त्यातलं कुणीही कधी तोंड उघडलं नाही. आता मी एकटीच उरलेय, तर मी उघडते.

ज्यांनी कधी बॅनर केला नाही त्यांना वाटतं की कागद चिकटवायचा आणि उभा करायचा, त्यात काय मोठं. चाळीस फूट लांब, वीस फूट उंच, नुसता क्रेप कागद. चोवीस उभे पट्टे एकमेकांना चिकटपट्टीने जोडायचे, वाऱ्यात टिकावा म्हणून मागून हात-हात अंतरावर आडव्या चिकटपट्ट्या मारायच्या, वर मजकूर चिकटवायचा. गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बारा माणसं गुडघे मोडेपर्यंत खपायची. शनिवारी सामन्याआधी तो दोऱ्यांनी उभा करायचा, आपले खेळाडू धावत येणार आणि फाडून मैदानात शिरणार. तीन सेकंदांत खेळ खलास. पुढच्या गुरुवारी पुन्हा नवा.

म्हणजे बॅनर उभा राहायलाही हवा आणि फाटायलाही हवा. कागद मऊ असतो, पण आडव्या चिकटपट्ट्या मऊ नसतात. पन्नासच्या सुमाराला एक खेळाडू त्यांत अडकून तोंडावर आपटला, दोन दात गेले. तेव्हा माझ्या आईने, इडाने, दार काढलं. दार म्हणजे बाराव्या आणि तेराव्या पट्ट्यामधला सांधा. तिथे आडव्या पट्ट्या दोन्हीकडून येऊन थांबतात, सांधा ओलांडत नाहीत. सांध्याला फक्त वीतभर अंतरावर नखाएवढे तुकडे, टाका घातल्यासारखे. लांबून बघणाऱ्याला सलग दिसतं, पण कप्तानाचा खांदा लागला की उघडतं. दुसऱ्या क्लबांचे लोक चोरून बघायला यायचे. आई त्यांना चहा द्यायची आणि दाराचं काही सांगायची नाही.

आमचा क्लब दोरखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांनी १८७१ साली काढला, म्हणून खेळाडूंना दोरवाले म्हणत. बाबा त्याच कारखान्यात होते. १९४८ साली आम्ही दुसरं आणि शेवटचं अजिंक्यपद मिळवलं, त्या वर्षापासून शनिवारी ते धावफलकावर असायचे. शिडीवर चढायचं, गुण बदलले की पत्र्याचे आकडे बदलायचे. छत्तीस वर्षांत एक शनिवार चुकला, तो माझ्या जन्माचा. तोसुद्धा अर्धाच.

आई १९७९ साली गेली. तिची राख आम्ही मैदानाच्या तळ्याकडच्या टोकाला, गोलच्या खांबांमागे मातीत मिसळली. कमिटीने परवानगी दिली, तिथे उभ्या राहणाऱ्या गोलपंचाने टोपी काढली. नंतर बाबा शिडीवरून त्या कोपऱ्याकडे बघायचे, आणि कधीकधी आकडा बदलायला उशीर व्हायचा. कुणी तक्रार करायचं नाही.

आणि मग त्र्याऐंशी साली ठरलं की क्लब ब्रिस्बेनला जाणार. प्रेक्षक कमी झाले, स्टँडचं छप्पर गळतं, लीगला उत्तरेत खेळ न्यायचाय, अशी कारणं छापून आली. नगरभवनात सभा झाली. ट्राम चालवणारा आमचा रेग टेबलावर चढून ओरडला, कमिटीतले तिघे आमच्या बाजूने बोलले आणि नऊ जण बोललेच नाहीत, नुसते हात वर केले. सतराशे किलोमीटर लांबच्या, आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल सोडून वेगळाच फुटबॉल खेळणाऱ्या शहरात आमचा क्लब गेला. तिथे जाऊन त्यांनी दोरवाले हे नाव टाकलं आणि स्वतःला मगरी म्हणवून घेऊ लागले. ब्रिस्बेनमध्ये मगर औषधालासुद्धा सापडत नाही.

बाबांनी धावफलकावरची 'डनमोर' लिहिलेली पत्र्याची पाटी पान्याने सोडवून घरी आणली आणि मागच्या धुण्याच्या खोलीत टांगली. मला म्हणाले, "या घरात त्या लोकांचं नाव निघायचं नाही."

"पाटीवर तेच नाव आहे की, बाबा."

"पाटीवर आपलं नाव आहे. ते गेले. इडाला तिथे टाकून गेले." एवढं बोलून ते बटाटे सोलायला बसले. बटाटे ते नेहमी त्यांच्या खिशातल्या चाकूने सोलायचे. धावफलकावर गंजलेले स्क्रू उचकटून उचकटून त्या चाकूचं टोक मोडलं होतं, तरी दुसरा घेत नव्हते.

आमच्या बॅनरच्या टोळीनेही शपथ घेतली होती: ब्रिस्बेनसाठी एक पट्टासुद्धा कापायचा नाही. पण टोळी मोडली नव्हती. गुरुवारी सगळे हॉलमध्ये जमायचो आणि चहा पिऊन घरी जायचो.

एप्रिलमध्ये फोन आला.

"व्हर्ना, मी डेनी. ठेवू नकोस."

"कोण डेनी?"

"दोन घरं सोडून राहायचो तो. तुझ्या खिडकीच्या तीन काचा फोडल्या तो."

"चार."

"बरं, चार."

डेनी मॉयल क्लबचा कप्तान होता. आमच्याच गल्लीत वाढलेला, मूळचा खाटकाच्या दुकानातला. करार होता, दोन मुलं होती, त्यामुळे क्लबबरोबर गेला. बाबा त्याला त्याच्या आईसमोर गद्दार म्हणाले होते. क्लब जायच्या आदल्या वर्षीच एका टकरीत डेनीच्या मानेचं हाड चिरलं होतं आणि तीन महिने गळ्याला पट्टा होता. ब्रिस्बेनमधला पहिला सामना टीव्हीवर दाखवला, तेव्हा तिथल्या हौशी लोकांनी बॅनर म्हणून प्लास्टिकची ताडपत्री उभी केली होती. डेनी धावत आला, ताडपत्रीवर आदळला आणि मान धरून खाली बसला. आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये लोक हसून हसून बेजार झाले. बाबाही हसले. मला नाही हसू आलं.

"पाच मेला आम्ही तिकडे खेळायला येतोय," डेनी म्हणाला. "पाहुणे म्हणून. इकडचे लोक चांगले आहेत गं, पण बॅनर म्हणजे त्यांना भिंत वाटते. तुम्ही कराल का?"

"तुमच्या क्लबने विचारलंय?"

"क्लबचं सोड. मी विचारतोय. डॉक्टर म्हणतो, आणखी एक दणका बसला तर खेळ संपला, आणि कदाचित चालणंही. मी काही बाजूने वळसा घालून मैदानात जाणार नाही, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. मॉयलांचं सगळं घरच तसलं. मी म्हटलं, विचारून बघते.

गुरुवारी हॉलमध्ये सांगितलं. सूला, आमच्याकडची ग्रीक शिवणकाम करणारी, मजकुराची अक्षरं तीच कापायची, ती टेबलाकडे बघत बसली. रेगने सिगारेटवर सिगारेट पेटवली. मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "करूया की."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"करूया," बाबा म्हणाले. "दार न ठेवता."

कुणालाच आधी कळलं नाही. मग रेग हळूहळू हसायला लागला.

"पार्सलला लावतात ती दोरे घातलेली चिकटपट्टी आणायची," बाबा म्हणाले. "आडवी, सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. येऊ देत धावत. अख्ख्या मेलबर्नसमोर आपटू देत. आपण दिसलो नाही ना त्यांना? आता दिसू."

"क्लॅरी, डेपोत ती पट्टी ढिगाने पडलीय," रेग म्हणाला. "चार रिळं आणतो."

"डेनीच्या मानेचं काय?" मी विचारलं.

"ब्रिस्बेनला जाताना मान त्याची स्वतःचीच होती," बाबा म्हणाले.

सूलाने विचारलं, "मजकूर काय लिहायचा?"

"लिही, 'आठवतो का आम्ही?'"

हात वर करायला सांगितले. मागच्या वर्षी नगरभवनात बघितले होते तसेच हात वर गेले. माझाही गेला. मी बॅनरची प्रमुख होते, आईनंतर माझ्याकडेच आलं होतं ते, आणि मी हात वर केला. त्या लोकांखेरीज माझं कोण होतं? बिस्किटांच्या कारखान्यात आठवडाभर सरकत्या पट्ट्यावरची बिस्किटं बघायची आणि गुरुवारची वाट बघायची, एवढंच माझं आयुष्य. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर घरात बोलायला ती पत्र्याची पाटी उरली असती.

तीन मेला गुरुवार होता. त्या संध्याकाळी आम्ही तो बॅनर केला. इतका चांगला बॅनर आमच्या हातून कधी झाला नव्हता, तेही सांगते. पट्टे सरळ, अक्षरं सुबक. बाराव्या आणि तेराव्या पट्ट्याच्या सांध्यावरून ती दोऱ्यांची पट्टी बाबांनी स्वतः ओढली, गुडघ्यांवर रांगत, अंगठ्याने दाबत. एरवीसारखं कुणी गाणं म्हटलं नाही. बॅनर गुंडाळून भिंतीकडेला ठेवला आणि हॉलची किल्ली नेहमीप्रमाणे कुंडीखाली ठेवली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कारखान्यातून सटकले. खिशात दाढीचं पातं कागदात गुंडाळून घेतलं होतं. कुंडीखालून किल्ली काढली, आत गेले, आणि गुंडाळी उलगडायला लागले. एकट्या माणसाला चाळीस फूट बॅनर उलगडता येत नाही, हॉलच तीस फुटांचा आहे, करतानासुद्धा एक बाजू गुंडाळत जावं लागतं. पण मी पट्टे मोजत गेले. एक ते बारा. सांधा सापडला. खालच्या कडेपासून कापायला सुरुवात केली. ती पट्टी भयंकर चिवट, एकेक दोरा कापावा लागत होता. कमरेपर्यंत आले. छातीपर्यंत आले. पुढची आडवी पट्टी बरोबर माणसाच्या मानेच्या उंचीवर होती आणि मी तिच्यावर पातं टेकवलं, तेवढ्यात बाहेर खुर्च्यांच्या गाडीचा खडखडाट झाला. शनिवारच्या लग्नासाठी रखवालदार खुर्च्या आणत होता. मी भराभर गुंडाळी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराने पळाले.

दुपारभर बिस्किटांसमोर उभी राहून मला एकेक गोष्ट उमगत गेली. पूर्ण बंद बॅनरवर डेनी आदळला असता तर ताडपत्रीसारखा मागे फेकला गेला असता. पण आता खालून छातीपर्यंत दार उघडं होतं. त्याचं अंग आत जाणार, पाय पुढे जाणार, आणि मानेपाशी दोऱ्यांची पट्टी तशीच ताठ. मी दार नव्हतं केलं, फास केला होता. त्याला वाचवायला गेले आणि त्याच्या मानेच्या मापाचा फास करून आले. संध्याकाळी परत गेले तर हॉलमध्ये लग्नवाले फुलं लावत होते. बॅनर भिंतीकडेला, आणि त्याच्यावर त्यांच्या पोरी बसलेल्या.

शनिवारी सकाळी सहाला उठले तर बाबांची खाट रिकामी. हॉलवर गेले. बाबा गुंडाळीवर बसले होते, टोपी घालून, थर्मासमधला चहा पीत.

"एवढ्या लवकर?" मी विचारलं.

"राखण नको का? कुणाचा भरवसा आहे आजकाल?" ते म्हणाले. "तुझं काय काम इथे?"

"काही नाही. झोप नाही आली."

"चेहरा बघ कसा झालाय. चहा घे."

त्यांनी मला थर्मासचं झाकण भरून दिलं आणि गुंडाळीवरून हलले नाहीत. साडेअकराला रेग ट्रक घेऊन आला, आम्ही बॅनर चढवला आणि निघालो. सामना नदीपलीकडच्या क्लबच्या मैदानावर होता. आमच्या मैदानापासून ट्रामने पंचवीस मिनिटं, आणि तिथे आमचा क्लब पाहुणा. ट्रकमध्ये सूला माझ्यासमोर बसली होती आणि माझी नजर चुकवत होती. रेग एरवी सिग्नलला थांबला की शिव्या देतो, त्या दिवशी मुकाट गाडी चालवत होता. मला वाटलं, सगळ्यांना माझा संशय आलाय.

डेनीपर्यंत पोचायचा प्रयत्न मी केला. खेळाडूंच्या दारावर उभ्या असलेल्या गणवेशवाल्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमची टोळी तिकडे."

बॅनर आम्ही मैदानाच्या कडेला गवतावर नेला. दोऱ्या वाटल्या. बॅनरच्या एका टोकाच्या खांबाला रेग, दुसऱ्याला सूलाचा नवरा, मधल्या दोऱ्यांवर मी आणि बाबा शेजारी शेजारी. ऊन पडलं होतं, पण गवत ओलं होतं. कोपऱ्यातलं झेंड्याचं कापड अगदी गप्प. स्टँडखालच्या बोगद्यातून खेळाडूंच्या बुटांचा आवाज यायला लागला आणि माझा धीर सुटला.

"बाबा," मी म्हटलं. "बॅनर उचलू नका. मी दार कापलंय. काल. पण छातीपर्यंतच झालं. मानेपाशी पट्टी तशीच आहे. तो मरेल, बाबा."

बाबा समोर बघत होते.

"माहीत आहे," ते म्हणाले. "उचल."

"ऐकलंत का तुम्ही? मी काय म्हणतेय..."

"व्हर्ना, दोरी ओढ."

त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. वाटलं, ही छत्तीस वर्षं शिडीवर उभा राहून या माणसाच्या काळजाचाही पत्रा झालाय. मी दोरी सोडून द्यायला हवी होती. पण पलीकडून रेग ओरडला, "उचला," आणि बाराच्या बारा माणसांनी ओढायला सुरुवात केली तशी माझ्याही हातांनी ओढली. सवय फार वाईट असते.

बॅनर वर गेला. पंधरा फूट, सतरा, वीस. 'आठवतो का आम्ही?' ही अक्षरं पुरती उभी राहिली. लोकांनी वाचली, काहींनी टाळ्या वाजवल्या.

मग डावीकडे, रेगच्या बाजूला, वरच्या अंगाला टक् असा आवाज झाला. पाठोपाठ आणखी एक. पाचवा पट्टा वरून सुटला आणि त्याने मान टाकली. त्याचा भार चौथ्यावर आला, तोही गेला. मी तिकडे बघेपर्यंत उजवीकडे अठराव्या पट्ट्याचा सांधा वरपासून खालपर्यंत सरळ उघडला, शिवण उसवावी तसा. अक्षरं वाकडी झाली. कागद आमच्या डोक्यांवर, खांद्यांवर यायला लागला. टक्, टक्, टक्. वारा नाही, काही नाही, आणि डनमोरच्या टोळीचा सगळ्यात मजबूत बॅनर आपल्याच वजनाने खाली येत होता. वीस हजार लोक हसत होते.

डेनी बोगद्यातून धावत आला आणि दहा पावलांवर थबकला. मागचे सगळे त्याच्या पाठीवर आदळले. त्याने वर बघितलं. वरच्या दोरीवरून पट्टे लोंबत होते, दुकानाच्या दाराला माळांचा पडदा असतो तसे. मग तो चालत आला. मधले दोन पट्टे दोन हातांनी बाजूला केले आणि त्यातून सरळ आत आला, पायांपासून डोक्यापर्यंत, कुठेही न अडकता. माझ्या लक्षातच आलं नाही तेव्हा, की ते दोन पट्टे वरपर्यंत सुटे होते.

तो बाबांसमोर उभा राहिला. सहा महिन्यांनी समोरासमोर.

"क्लॅरी," तो म्हणाला, "पूर्वी याहून बरे बॅनर करायचात तुम्ही."

"तूही पूर्वी याहून बरा पळायचास," बाबा म्हणाले.

डेनीने मान खाली घातली. तो हसतोय की रडतोय हे मला कळेना. मग त्याने बाबांच्या टोपीवर पडलेला हिरवा कागद उचलला, चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये खोचला आणि मैदानात गेला. फोटो काढला तो त्यानंतर.

आम्ही एक्केचाळीस गुणांनी हरलो. आम्ही म्हणजे ते. शेवटचा भोंगा होईपर्यंत बाबा कुंपणाशी उभे होते. तिसऱ्या भागात डेनीने गोल मारला तेव्हा त्यांचा उजवा हात वर गेला, आकडा बदलायला जावा तसा, आणि मग त्यांनी तो खिशात घातला.

सामन्यानंतर कागद गोळा करणं हे प्रमुखाचं काम. बाकीचे ट्रककडे गेले आणि मी गुडघ्यांवर बसून एकेक पट्टा उचलू लागले. तेव्हा मी बघितलं. पाचव्या पट्ट्यावर आडव्या चिकटपट्ट्या जिथे तुटल्या होत्या तिथे तपकिरी कडांची गोल भोकं होती. क्रेप कागदापासून दोन बोटांवर पेटती सिगारेट धरून एकेक दोरा जाळणारा माणूस आमच्यात एकच होता. हॉल जळला कसा नाही, देव जाणे. वर कुठलं आणि खाली कुठलं, हेही त्याने बघितलं नव्हतं. अठराव्या पट्ट्याची कड वरपासून खालपर्यंत एकसारखी नागमोडी, दातेरी कात्रीने कापलेली. सूलाला कुठलीही गोष्ट अर्धवट कापता येत नाही. मी गेल्यावर शुक्रवारीच आले असणार ते, दोघे वेगवेगळे, आणि दोघांनीही एकट्याला जेवढी गुंडाळी उलगडता आली तेवढी उलगडून, हेच मधोमध असं समजून, आपापलं दार करून ठेवलं होतं. शपथ घेतलेल्या बारा जणांपैकी आणखी कितीजण येऊन गेले असतील, मला सांगता येणार नाही. मी पुढचे पट्टे बघायचं थांबवलं, कारण माझ्या हातात बारावा आला होता.

खालून छातीपर्यंत माझा काप. दाढीच्या पात्याचा, बारीक, सरळ. तिथे तो थांबला होता. आणि जिथे थांबला होता तिथूनच दुसरा सुरू झाला होता. तो सरळ नव्हता. आखूड-आखूड, ओरबाडल्यासारखा, टोक मोडलेल्या चाकूने एकेक दोरा उचकटत नेलेला, मानेची पट्टी, तिच्या वरची, तिच्याही वरची, हात पोचेल तिथपर्यंत आणि हात पोचणार नाही तिथेही. सत्तरीच्या माणसाला रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर रांगत त्याला निदान दीड तास लागला असणार. पहाटे गेले होते तर ते. उलगडून बघितलं तेव्हा माझं अर्धं दार त्यांना सापडलं असेल. कुणाचं, ते ओळखलंही असेल, कारण मधोमध पट्टे मोजून कापणारी दुसरी होती कोण?

मी त्या ओल्या गवतावर बसून रडले. मग पट्टा घडी करून कोटाच्या आत ठेवला आणि ट्रककडे गेले. बाबा पुढे बसले होते. म्हणाले, "किती वेळ. पाय गारठले."

त्याबद्दल कुणी बोललं नाही. पबमध्ये रेगने सांगून टाकलं की वारा फार होता, आणि सूलाने मान डोलावली. पुस्तकात आलाय तो वारा तिथून सुटलाय.

जुलैत ब्रिस्बेनवाले पुन्हा आमच्याकडे खेळायला येणार होते. फोन आला नाही, कुणी विषय काढला नाही, मतदानही झालं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी हॉलवर गेले तर टेबलावर हिरव्या आणि पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या होत्या आणि साधी चिकटपट्टी. सूला अक्षरं कापत होती. बाबांनी धुण्याच्या खोलीतली पत्र्याची पाटी आणून भिंतीला टेकवून ठेवली होती, अक्षरांचं माप घ्यायला.

पट्टे अंथरून झाल्यावर बाबा बाराव्यापाशी गुडघे टेकून बसले.

"या वेळी एकच दार," ते म्हणाले. रेगने छताकडे बघितलं. सूलाने कात्री खाली ठेवली. "मधोमध. इडा ठेवायची तिथे. आणि वरपर्यंत." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अर्धं काम टाकून पळायचं नाही."

मी बरं म्हटलं आणि नखाएवढे तुकडे कापायला घेतले.